स्टेशन ते हॉटेल, मधला अर्धा तास

दिल्लीत 98वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरणार हे कळलं त्याच दिवशी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, या वेळी जायचंच." याआधी दिल्लीत संमेलन झालं ते 1954 साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली. त्यानंतर थेट 2025. त्यात अध्यक्षपदी ताराबाई भवाळकर. ओव्यांवर आणि लोकसाहित्यावर त्यांनी लिहिलेलं आम्ही दोघींनी येवल्याच्या वाचनालयातून आणून आळीपाळीनं वाचलेलं. वन्सं 61 वर्षांच्या, मी 58. दिल्ली दोघींनीही कधी पाहिलेली नव्हती.

हॉटेल निवडायला आम्ही तीन आठवडे घेतले, हे मुद्दाम सांगते. घाईघाईत कुठेतरी जाऊन पडलो असं झालेलं नाही. माझा भाचा, म्हणजे वन्संचा मुलगा, नाशिकला अंबडच्या कारखान्यात असतो. रविवारी तो आला की आम्ही तिघं मोबाईल घेऊन बसायचो. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायचो. त्यात एकेकटे आलेले व्यापारी किती, कुटुंबं किती, हे मी बघायची. पलंगपोसाचे फोटो हॉटेलवाल्याचे सुंदर आणि पाहुण्यांचे कळकट असतील, तर ते हॉटेल बाद. शेवटी पहाडगंजच्या बाजूला आराकशां रोडवरचं एक हॉटेल ठरलं. रात्रीचे 1,600 रुपये, तीन रात्री, पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे. नवी दिल्ली स्टेशनपासून पायी जाण्याइतकं जवळ. निवड चांगली होती. आजही मी तेच म्हणेन.

चुकलं ते पुढे. बुकिंग भाच्याच्या मोबाईलवरून झालं, म्हणून हॉटेलवाल्यांकडे नंबर त्याचा. आमच्याकडे हॉटेलचं नाव होतं, कागदावर लिहिलेलं. हॉटेलचा फोन नंबर आमच्यापैकी कुणाच्याही मोबाईलमध्ये नव्हता.

मनमाडहून निघालेली आमची गाडी 20 फेब्रुवारीच्या रात्री अकराच्या सुमारास नवी दिल्लीला लागली. त्या दिवसाचं दोन ओळीत सांगायला हवं, नाहीतर आम्ही विश्वास कसा ठेवला हे कळायचं नाही. कुंभमेळा चालू होता. पाचच दिवसांपूर्वी, 15 तारखेच्या रात्री, याच स्टेशनवर चेंगराचेंगरी होऊन 18 माणसं गेली होती. आणि 20 तारखेलाच दुपारी स्टेशनजवळच्या रामलीला मैदानावर दिल्लीच्या नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला होता. रस्ते बंद, बंदोबस्त, वळवलेली वाहतूक, हे सगळं आम्ही गाडीत बसून मोबाईलवर वाचलेलं. म्हणजे घाबरायला कारण खरं होतं.

गर्दीबरोबर चालत आम्ही बाहेर पडलो ते अजमेरी गेटच्या बाजूला. पहाडगंज नेमकं दुसऱ्या टोकाला. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. पायऱ्यांशी एक माणूस उभा होता. इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. अंगचटीला येणारा, ओढाओढ करणारा असता तर आम्ही दूर झालो असतो. हा अदबीनं बोलला. "माताजी, किधर जाना है?" मी हॉटेलचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "उधर तो पुलिस ने सब बंद किया है. परसों से." मग म्हणाला, रात्रीची वेळ आहे, तुम्ही दोघी बायका, थांबा, मी हॉटेलला विचारतो. नाव काय सांगू?

मी त्याला माझं नाव सांगितलं. सगळा डाव इथे आहे, म्हणून नीट वाचा. त्यानं स्वतःच्या मोबाईलवरून कुठलासा नंबर लावला, "हां जी, होटल?" असं विचारलं, हॉटेलचं नाव घेतलं, माझं नाव घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस मला माझ्याच नावानं "नमस्ते मॅडम" म्हणाला. आपलं बुकिंग आहे, पण पोलिसांच्या आदेशानं आज कुणालाच खोली देता येत नाही, म्हणाला. त्याला नाव माहीत होतं, एवढ्यावर माझी खात्री पटली. ते नाव अर्ध्या मिनिटापूर्वी मीच मोठ्यानं सांगितलं होतं, हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

वन्संनी भाच्याला फोन लावला. त्याची रात्रपाळी, मोबाईल लॉकरमध्ये. दोनदा वाजून बंद झाला.

निळ्या शर्टवाल्यानं एका रिक्षावाल्याला हाक मारली आणि म्हणाला, यांना सरकारी टूरिस्ट ऑफिसला सोड, तिथे दुसरी सोय होईल. रिक्षाचे 400 रुपये. कॅनॉट प्लेसच्या आसपासची कुठलीशी गल्ली. काचेचं दार, आत दिवे, दारावर तिरंग्याच्या तीन रंगांची पट्टी, भारत सरकार मान्यताप्राप्त असं लिहिलेलं. भिंतीवर काश्मीर आणि ताजमहालची चित्रं. रात्री साडेअकराला कुठलंही सरकारी कार्यालय उघडं नसतं, एवढी गोष्ट आम्हा दोघींना उभ्या आयुष्यात माहीत होती. तलाठी कार्यालय दुपारी चारला गाठायला जीव काढलेल्या बायका आम्ही. पण थंडी होती, जवळजवळ चोवीस तासांचा प्रवास झालेला, आणि त्या माणसानं आधी चहा मागवला.

टेबलामागचा माणूस सभ्य. कशासाठी आलात, विचारलं. मी संमेलनाचं सांगितलं. "अच्छा, तो इसीलिए सब फुल है," असं म्हणून त्यानं तेच कारण पुढे केलं. त्यानं एकामागून एक हॉटेलांना फोन लावले, स्पीकरवर, आम्हाला ऐकू जाईल असे. एकाने 11,000 सांगितले, दुसऱ्यानं 9,000, तिसरा म्हणाला खोलीच नाही. वन्संनी माझा हात धरला होता. चौथ्या फोनवर करोलबागेतली खोली निघाली, 5,500 रुपये रात्र. अकरा आणि नऊ हजार ऐकल्यावर साडेपाच हजार स्वस्त वाटतात. बाजारात भाजी घेताना आम्ही पहिल्या भावाला कधी हो म्हणत नाही. पण इथे पहिले तीन भाव त्यानंच आमच्या कानावर घातले होते, आणि चौथा भाव म्हणजे आम्हाला सुटका वाटली.

तीन रात्रींचे 16,500. आत्ताच भरा, नाहीतर खोली जाईल. वन्संच्या खात्यात भिशीचे पैसे होते, दोन वर्षं साठवलेले. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा पडद्यावर कुणा एका माणसाचं नाव आलं. कार्यालयाचं नाही, हॉटेलचंही नाही. वन्संनी मला ते नाव वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, मालक असतील. त्या माझ्याकडे बघून थांबल्या होत्या. मी नको म्हटलं असतं, तर त्यांनी पैसे पाठवले नसते.

करोलबागेतल्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीला ओल. ठीक आहे, रात्र काढायची होती.

21 तारीख तालकटोरा स्टेडियमवर गेली आणि तो दिवस आनंदाचाच होता, ते मी नाकारणार नाही. पुस्तकांचे गाळे, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं, आठवड्यापूर्वी नावही माहीत नसलेल्या बायकांबरोबर एका ताटात खाल्लेलं. रात्री खोलीवर परतलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आजचे 1,200 भरा. आम्ही तीन रात्रींचं सांगितलं. त्यानं वही फिरवून दाखवली. आमच्या नावापुढे एकच रात्र, 1,200 रुपये. बाकीच्या पैशांबद्दल त्याला काही माहीत नव्हतं, आणि मला वाटतं, तो खरं बोलत होता. आम्ही त्या रात्रीचे पैसे दिले. वन्सं रात्रभर भिंतीकडे तोंड करून होत्या.

सकाळी संमेलनातल्या एका मुलीला सांगितलं. तिचे वडील विट्याकडचे, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी करोलबागेत आलेले. ती दिल्लीतच वाढली. ऐकता ऐकता तिनं कपाळाला हात लावला. "काकू, हे इथं रोजचं आहे. रस्ता बंद आहे म्हणतात, हॉटेल जळालं म्हणतात, दंगल झाली म्हणतात. जे त्या आठवड्यात पेपरात असेल ते." ती आम्हाला मेट्रोनं रामकृष्ण आश्रम मार्गला घेऊन गेली आणि तिथून चालत आराकशां रोडला. आमचं हॉटेल उघडं होतं. रस्ताही उघडा होता. मॅनेजरनं यादी काढली. 20 तारखेला माझं नाव, आणि पुढे आल्या नाहीत असा शेरा. रात्री बारा वाजता त्यांनी भाच्याच्या नंबरवर दोनदा फोन केला होता. तो लॉकरमध्ये वाजला.

उरलेली एक रात्र आम्ही तिथेच राहिलो, ठरलेल्या 1,600 रुपयांत.

त्याच मुलीनं 1930 हा नंबर लावून दिला. पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीची तक्रार देशभरात कुठूनही या नंबरवर देता येते. त्यांनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, बँक विचारली आणि तक्रारीचा क्रमांक दिला. फोन घेणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला तो, पैसे कधी गेले. तेव्हा दीड दिवस होत आला होता. लगेच कळवलं तर समोरच्या खात्यात पडून असलेले पैसे गोठवता येतात. उशीर झाला की ते पुढे निघून जातात. आमचे गेले होते. पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज दिला. त्या गल्लीत परत गेलो तर कुलूप होतं.

पहिल्यांदा मोठ्या शहरात जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे ते हॉटेलच्या चांदण्या मोजण्याबद्दल नाही. ते सगळे करतात, आम्हीही केलं. हॉटेल ठरलं की स्टेशनपासून त्याच्या दारापर्यंत कसं जायचं, हेही घरी बसूनच ठरवा. कोणत्या बाजूनं बाहेर पडायचं इथपर्यंत. नवी दिल्लीला फलाट क्रमांक 1 पहाडगंजच्या बाजूला आहे आणि 16 अजमेरी गेटच्या, एवढं आम्हाला माहीत असतं तरी पुरलं असतं. बुकिंगला नंबर प्रवास करणाऱ्याचाच द्या. निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलला स्वतः फोन करा, रात्री किती वाजता पोचणार ते सांगा, आणि तो नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. मग स्टेशनवर कुणी काहीही सांगो, तो नंबर तुम्ही तुमच्या मोबाईलवरून लावा. दुसऱ्यानं लावून दिलेल्या फोनवर हॉटेलवाला बोलत नसतो.

रिक्षा लागलीच तर स्टेशनबाहेर वाहतूक पोलिसांचा प्रीपेड बूथ असतो. पैसे तिथे भरायचे आणि मिळालेली चिठ्ठी दारात उतरल्यावरच चालकाच्या हाती द्यायची, आधी नाही. भारत सरकारचं पर्यटन कार्यालय दिल्लीत 88, जनपथ इथे आहे आणि ते मध्यरात्री चालत नाही. पर्यटकांसाठी 1363 हा नंबर मात्र चोवीस तास चालू असतो. फार रात्र झाली आणि काहीच सुचेना, तर स्टेशनच्या प्रतीक्षालयात उजाडेपर्यंत बसा. आम्ही दोघी गप्पा मारत सहज बसलो असतो.

वन्संनी परतीच्या गाडीत माझ्याकडून वचन घेतलं होतं की घरी कुणाला सांगायचं नाही. भाच्यालाही खरी रक्कम कळलेली नव्हती. भिशीतल्या बायका संमेलनाचं विचारायच्या तेव्हा त्या ताराबाईंचं भाषण सांगायच्या आणि थांबायच्या. गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतलं एक जोडपं मुलीच्या परीक्षेसाठी दिल्लीला निघालं, तेव्हा मी वन्संकडे जाऊन म्हटलं, आता मला लिहू द्या. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लिहा. पण आकडा कमी करून लिहू नका." म्हणून पूर्ण लिहिते. 16,500 खोलीच्या नावाखाली, 400 रिक्षाचे. खोलीचे पैसे वन्संचे होते. अजून आलेले नाहीत.