गच्चीवरच्या म्युऑन डिटेक्टरला कोअ‍ॅक्स ओढायची की फायबर?

म्युऑन म्हणजे आकाशातून सतत पडणारे, इलेक्ट्रॉनचे जड भाऊ असलेले कण. ते मोजायला कॉलेजच्या गच्चीवर सिंटिलेटरच्या (कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या) चार फळ्या, प्रत्येकीला ती चमक विजेच्या पल्समध्ये बदलणारा एक सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, आणि सिग्नल खाली प्रयोगशाळेत आणायचा. गच्ची जळगावची असो की शहाद्याची, खरेदीच्या यादीपाशी सगळे एकाच ओळीवर अडतात: केबल कोणती? तांब्याची कोअ‍ॅक्स (मध्ये तार, भोवती जाळी), की काचेची फायबर?

‘फायबर घ्या, फास्ट असते’ हा सल्ला आधी बाजूला ठेवा. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. अर्धा मीटर लांब-रुंद फळीतून सेकंदाला चाळीसेक जातील. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस डिटेक्टरमध्ये प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला सुमारे 4 कोटी वेळा एकमेकांना भिडतात, तिथे फायबरला पर्याय नाही. तुमच्या चाळीस पल्सना कुठलीही वायर पुरते. शिवाय आरजी-58 कोअ‍ॅक्स असो की काच, सिग्नलला एक मीटर कापायला दोन्हीकडे 5 नॅनोसेकंदच लागतात.

खरा फरक केबल बिघडल्यावर कळतो.

कोअ‍ॅक्सचा बिघाड तुमच्या हाताखालचा पोरगा मल्टिमीटरने शोधतो. मधली तार आणि जाळी यांच्यात काहीही वाहता कामा नये. दुसऱ्या टोकाला 50 ओहमचा टर्मिनेटर (टोकाचा रोध) लावला की मीटरने 50 च्या थोडं वर दाखवायचं. मग मीटर तसाच जोडलेला ठेवून बीएनसी कनेक्टरच्या मानेला हलकेच डावी-उजवीकडे वाकवा. आकडा थरथरला, तर क्रिंपिंग, म्हणजे कनेक्टर दाबून बसवणं, कच्चं आहे. ते टोक सरळ कापून नवीन कनेक्टर दाबा, दुरुस्तीच्या नादी लागू नका. हे सगळं टेबलावरच उरकायचं. केबल पाइपात गेल्यावर हलवून बघायला मान सापडत नाही.

फायबरचं तसं नाही. ती अर्धवट बिघडते आणि चालूच राहते. 2011 च्या सप्टेंबरमध्ये इटलीतल्या ऑपेरा प्रयोगाने जाहीर केलं, की सर्नहून 730 किलोमीटरवर येणारे न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा सुमारे 60 नॅनोसेकंद आधी पोचतात. जगभर खळबळ उडाली. पुढच्या वर्षी मुख्य कारण सापडलं: जीपीएसची वेळ आणणाऱ्या फायबरचा कनेक्टर नीट घट्ट बसलेला नव्हता. प्रकाश कमी पोचत होता, त्यामुळे रिसीव्हरला पल्स ओळखायला उशीर होत होता आणि घड्याळ मागे पडत होतं. पूर्ण तुटलेली फायबर पहिल्याच दिवशी कळली असती.

म्हणून ‘लिंकचा दिवा लागला’ ही टेस्ट मानू नका. लाल लाइटचा पेन लावून प्रकाश पलीकडे आला, हीसुद्धा नाही. त्यातून फक्त तुटलेली जागा आणि चुकलेली जोडी कळते. पॉवर मीटर हवाच. केबल टेबलावर असताना 1310 आणि 1550 नॅनोमीटर, दोन्हींवर वाचन घ्या आणि लेबलवर लिहा. बसवून झाल्यावर पुन्हा घ्या. 1550 चं वाचन अर्ध्या डेसिबलने घसरलं आणि 1310 चं जागेवर राहिलं, तर कुठेतरी केबल जास्त वाकली आहे किंवा टाय करकचून आवळला आहे; टाय कापला की आकडा बहुतेक परत येतो. दोन्ही आकडे सारखेच पडले, तर आधी टोक पुसा. सिंगलमोड, म्हणजे प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या फायबरचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, आणि जिनिंगच्या हंगामात इकडच्या हवेत काय उडत असतं ते सांगायला नको. टोपी काढली की पुसायचं, मगच जोडायचं. टोकात डोळा घालून बघू नका, हा प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला लागतो.

मीटर विकत घ्यायची गरज नाही. घरोघरी ब्रॉडबँड जोडणाऱ्या पोरांकडे पॉवर मीटर आणि स्प्लायसिंग मशीन दोन्ही असतं, आता तालुक्यालाही. त्यामुळे जाड गाभ्याच्या मल्टिमोडपेक्षा सिंगलमोड घ्या. त्यांची सगळी हत्यारं त्यासाठीच आहेत.

इथवर कोअ‍ॅक्स पुढे आहे. पण ती 40 मीटर ओढली, की 100 मेगाहर्ट्झला पल्सची उंची निम्म्याच्या आसपास येते. त्याहून वाईट म्हणजे कॉलेजच्या बोअरचा पंप सुरू झाला, की त्याचा झटका चारही केबलींत एकदमच शिरतो. कोइन्सिडन्स सर्किट नेमकं ‘एकदम आलेलं’ तेच खरं मानतं, म्हणजे पंपही म्युऑन म्हणून मोजला जातो. आणि मे-जूनच्या वळवाच्या पावसात गच्चीपासून कॉम्प्युटरपर्यंत ओढलेलं तांबं म्हणजे विजेला दिलेली वाट. सुज्ञ माणूस गडगडाट ऐकताच केबली उपटून ठेवेल. पण गंमत तर तेव्हाच असते: ऊटीच्या ग्रेप्स-3 प्रयोगाने म्युऑनच्या संख्येतल्या घटीवरून 2014 च्या डिसेंबरमधल्या एका वादळी ढगातला विद्युतदाब 130 कोटी व्होल्ट असल्याचं काढलं. असं काही करून बघायचं असेल तर फायबरच हवी.

फायबरची खरी किंमत गच्चीवर मोजावी लागते. पल्सचं डिजिटल रूपांतर वरच, एका डब्यात करावं लागतं आणि त्यातले साधे मीडिया कन्व्हर्टर (विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारे) बहुधा 40 अंशांपर्यंतचेच असतात. भुसावळचा मे 45 च्या पुढे जातो, स्लॅबवरच्या बंद डब्याचं तर विचारूच नका. 70-75 अंशांचा इंडस्ट्रियल नग घ्या आणि डबा सावलीत ठेवा. फोटोमल्टिप्लायरचे खोटे पल्सही उष्म्याने वाढतात, तेव्हा सावली दोन्ही पर्यायांत लागतेच.

माझं मत: प्रयोगशाळा गच्चीच्या थेट खाली असेल आणि केबल दहा मीटरच्या आत बसत असेल, तर कोअ‍ॅक्स. चारही तुकडे एकाच लांबीचे कापा. दोन मीटरचा फरक म्हणजे 10 नॅनोसेकंदांचा फरक. अंतर जास्त असेल तर फळीपासून डब्यापर्यंत कोअ‍ॅक्स आणि डब्यातून खाली एकच फायबर. सीएमएसच्या नव्या पिक्सेल डिटेक्टरचीही रचना अशीच आहे: किरणोत्साराच्या ऐन माऱ्यात आधी तांबं, थोडं बाहेर आल्यावर काच. फक्त डब्याला वीज सौर पॅनेल आणि बॅटरीवरून द्या. खालून 230 व्होल्टची वायर नेलीत, तर विजेची वाट पुन्हा उघडलीच.

केबल घालायला पीव्हीसी पाइपाला जळगावात तोटा नाही. सर्नमध्ये केबलच्या आवरणाला पीव्हीसी चालत नाही, कारण जळताना निघणारा आम्लधर्मी धूर इलेक्ट्रॉनिक्स खातो. उघड्या गच्चीवर ती अडचण नाही. उंदीर-घुशींसाठी पाइप हवाच, दोन्ही तोंडं जाळीने बंद करून. फायबर चार कोअरची घ्या, दोन कोअर राखीव ठेवा. आणि दुकानातच तुकडा सोलून बघा: बऱ्याच ड्रॉप केबलींत आधाराला पोलादी तार असते. ती नको, तीही विजेची वाटच; फायबरग्लासची काडी असलेली मागा.