चुंबक चिकटलं नाही, म्हणजे स्टीलच?

गेल्या दसऱ्याला आमच्या घरात पहिली गाडी आली. पांढरी, लहानशी. आईची एकच इच्छा होती, डिकीवर 'सप्तशृंगी' लिहायचं. तेही स्टिकरने नको, धातूची उठावदार अक्षरं हवीत. वणीची देवी आमचं कुलदैवत, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

नाशकात द्वारकेजवळच्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. इंग्रजी अक्षरं त्याच्याकडे पाकिटात तयार होती, मराठी कापून आणावी लागतील म्हणाला. "304 स्टील देतो मावशी. गाडी भंगारात जाईल, पण अक्षरं जायची नाहीत." 304 म्हणजे न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार. 2,200 रुपये ठरले. नंबरही याच अक्षरांत टाकून देतो म्हणत होता, पण ते मी लगेच नाकारलं. एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांना सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटच लागते, तिच्यावर असली अक्षरं चालत नाहीत.

दोन दिवसांनी अक्षरं आली. आरशासारखी चकचकीत, तीन तुकड्यांत: 'सप्त', 'शृं', 'गी'. हे स्टील कशावरून, असं मी विचारलंसुद्धा. त्याने गल्ल्यातून चुंबक काढून अक्षराला लावलं. चिकटलं नाही. "बघा भाऊ, साधं लोखंड असतं तर धरलं असतं. 304ला चुंबक धरत नाही." हे वाक्य खरं आहे आणि म्हणूनच मी फसलो. 304ला चुंबक जवळजवळ धरतच नाही, पण प्लास्टिकलाही धरत नाही. एवढी साधी गोष्ट त्या वेळी माझ्या डोक्यात आली नाही.

दुकानातल्या पोराने डिकीवर कोरडं फडकं मारलं. आदल्याच आठवड्यात गाडीला पॉलिश झालं होतं, तो थर तसाच राहिला. मग प्रत्येक अक्षराच्या मागे सुपर ग्लूचे थेंब टाकून दाबून धरलं. टेप लावत नाही का, विचारलं तर "टेप निघते, हे पक्कं" असं उत्तर. दहा मिनिटांत काम आटोपलं. बिलावर लिहिलं 'लेटर वर्क'. मीही न वाचताच खिशात घातलं.

थंडी सरेपर्यंत अक्षरांच्या कडा काळ्या पडू लागल्या. मला वाटलं धूळ असेल. चैत्रात देवीच्या यात्रेला निघालो. नांदुरीचा घाट चढून गडावर पोहोचलो, आई ओटीचं सामान काढायला मागे गेली आणि तिथेच थांबली. डिकीवर 'सप्त' होतं आणि 'गी' होतं. मधला 'शृं' वाटेत कुठेतरी पडला होता. त्या जागी गोंदाचे पांढुरके, कडक ठिपके. आई काही बोलली नाही, नुसती पदराने ती जागा पुसत राहिली. ते आठवलं की आजही माझा संताप होतो.

घरी येऊन मी 'गी' नखाने उचकटायला गेलो, तर त्याच्याबरोबर रंगावरचा क्लिअर कोटही निघाला. शेजारच्या काकांनी तीस वर्षं अंबडला फॅब्रिकेशनमध्ये काढलीत. त्यांनी तुकडा हातात घेतला, कडेने उजेडात धरला आणि म्हणाले, "अरे, हे ॲक्रिलिक आहे, प्लास्टिक." कड काचेसारखी आरपार दिसत होती. चकाकी होती ती मागच्या आरशाच्या थराची. कडेने पाणी शिरून तोच थर काळा पडला होता. त्यांनी तेवढाच स्टीलचा तुकडा माझ्या दुसऱ्या हातावर ठेवला. सहापट तरी जड! नाणं मारलं तर स्टील खणकन वाजलं, हे नुसतं टकटक. खरं स्टील कडेलाही धातूच दिसतं आणि हाताला गार लागतं.

दुकानदाराने हात वर केले. "बिलावर स्टील कुठे लिहिलंय?" ग्राहक हेल्पलाइनच्या 1915वर तक्रार करायची, तर दाखवायला कागद काय होता माझ्याकडे? डिकीच्या रंगाला 4,000 गेले ते वेगळेच.

नंतर काकांनी ओळखीच्या लेझर कटिंगवाल्याकडून अखंड शिरोरेषेचा एकच तुकडा कापून घेतला, कडा कानशीने घासल्या. रंग पूर्ण वाळून पक्का होईपर्यंत त्यांनी मला थांबायला लावलं. मागे ॲक्रिलिक फोमची दुहेरी टेप लावली. उन्हात पत्रा तापून पसरतो, घाटात गाडी थरथरते. फोम तेवढा ताणला जातो, सुपर ग्लू कडक असतो म्हणून तडकतो. आधी पॉलिश काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून जागा पुसली, मास्किंग टेपने रेषा आखली. चिकटवलं ते दुपारी, पत्रा कोमट असताना, आणि चांगलं दाबून. पूर्ण पकड यायला 72 तास लागतात, म्हणून तीन दिवस गाडी धुतली नाही. बिलावर '304 स्टील, फोम टेप' असं स्वतः उभं राहून लिहून घेतलं.

कुणाची अक्षरं टेपवर असतील आणि काढायची असतील, तर हेअर ड्रायरने गरम करून मागून तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, करवतीसारखी फिरवा, अलगद सुटतात. सुपर ग्लूवर असतील तर माझ्यासारखी ओढू नका. ॲसिटोनही लावू नका, गोंदाबरोबर रंगही विरघळतो. सरळ चांगल्या पेंटरकडे न्या.