लॅब्रॅडॉरच्या पिल्लासोबत मिळणारी ७२ तासांची ‘हेल्थ गॅरंटी’: पाचापैकी दीड

पुण्या-मुंबईत लॅबचं पिल्लू घेताना पावतीसोबत हल्ली एक छापील कागद मिळतो. वर ठळक अक्षरांत ‘हेल्थ गॅरंटी’, खाली थोड्याफार फरकाने तोच मजकूर: ७२ तासांत पार्व्हो किंवा डिस्टेंपर (पिल्लांचे जीवघेणे विषाणूजन्य आजार) निघाला तर पिल्लू बदलून देऊ, पैसे परत मिळणार नाहीत, तपासणी आमच्याच डॉक्टरांकडे. दीड गुण दिला तो निदान लेखी काहीतरी देतात म्हणून.

खरी गोम तासांत आहे. पार्व्होची लागण झाल्यापासून उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू व्हायला साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधी दोन आठवडेही. डिस्टेंपरला बहुधा १ ते ४ आठवडे. आदल्या दिवशी लागण झालेलं पिल्लू नव्या घरात तीन दिवस मजेत हुंदडतं आणि पाचव्या दिवशी वाटीकडे पाठ फिरवतं. तोवर कागदाची रद्दी झालेली असते. मुदत किमान १४ दिवस करून मागावी आणि ‘कोणत्याही नोंदणीकृत पशुवैद्याचा रिपोर्ट चालेल’ हे पेनाने लिहून सही घ्यावी. इथे काचकूच करणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नये.

‘बदलून देऊ’ हे कलम तर अंगाशी येणारं. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो, फिनाईलवर भरवसा नको. आधी फरशी साबणाने घासून घाण काढायची, मग लिटरभर पाण्यात ३० मिली साधं ब्लीच घालून १० मिनिटं ओलं ठेवायचं. घाण तशीच ठेवून वर ब्लीच ओतलं तर ते वाया जातं. गादी, सोफा, बागेतली माती यांना ब्लीच करता येत नाही, त्यामुळे अर्धवट लसीकरण झालेलं दुसरं पिल्लू त्याच घरात आणणं म्हणजे तोच आजार पुन्हा विकत घेणं. पैसे परत मिळण्याचंच कलम हवं.

काही जण वर ‘एक वर्षाची जेनेटिक गॅरंटी’ देतात. लॅबमध्ये मोठा प्रश्न हिप डिस्प्लेसियाचा, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा. अमेरिकेतली ओएफए ही संस्था खुब्याचा अंतिम दाखला कुत्रं २४ महिन्यांचं झाल्याशिवाय देत नाही, यातच एका वर्षाच्या हमीची किंमत कळते. त्यापेक्षा आई-बापाचे एक्स-रे मागावेत. कुत्रं उताणं, मागचे दोन्ही पाय सरळ ताणलेले, आणि फिल्मच्या कोपऱ्यात तारीख व चिप नंबर, म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा ओळख क्रमांक. कोपरा कापलेला मोबाइल-फोटो कुठल्याही कुत्र्याचा असू शकतो. आई-बापाचे खुबे उत्तम असले तरी पिल्लाची शंभर टक्के खात्री नसते. वाढत्या वयातलं जादा वजन सांधे बिघडवतंच. हे आपणहून सांगणारा ब्रीडर बरा. आंधळेपण आणणाऱ्या पीआरए या डोळ्यांच्या आनुवंशिक आजाराचं गणित सोपं आहे: लॅबमध्ये आढळणाऱ्या पीआरसीडी प्रकारासाठी आई-बापांपैकी एक जण डीएनए चाचणीत ‘क्लिअर’ (सदोष जनुक नसलेला) असला की पिल्लाला तो होत नाही, दुसरा ‘कॅरिअर’ (सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारा) असला तरी.

केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर म्हणजे वंशावळ. तब्येतीचा दाखला नव्हे.

‘४५ दिवसांचं, फुल्ली व्हॅक्सिनेटेड’ ही जाहिरात दोन्हीकडून फसलेली. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. लसही ६ ते ८ आठवड्यांना सुरू होऊन दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत द्यावी लागते, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीचा डोस निकामी करू शकते. लसीच्या कार्डावर बाटलीचा स्टिकर बघावा: बॅच नंबर, एक्स्पायरी, शेजारी डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. सगळ्या तारखा एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर त्या डॉक्टरांना फोन लावावा.

गॅरंटीच्या कागदावर पिल्लाचा १५ आकडी चिप नंबर असायलाच हवा, नाहीतर ‘हे आमचं पिल्लूच नाही’ म्हणायला ब्रीडर मोकळा. पैसे देण्याआधी स्कॅनर लावून तो जुळवावा, आणि आईलाही समोर आणायला सांगून तिचाही नंबर एक्स-रेवरच्या नंबराशी ताडून बघावा.