सर्व्हरवरच्या भाराचा अंदाज बांधणारं एलएसटीएम : कापसाच्या पूर्ण हंगामानंतर

हिंगणघाट भागातल्या काही जिनिंगचं टोकन, काटापट्टी आणि चुकाऱ्याचा हिशेब आम्ही क्लाउडवरच्या सामायिक मशीनवर चालवतो. दिवाळीनंतर आवक वाढली तेव्हा सर्व्हरवर पुढे किती भार येणार हे सांगायला एलएसटीएम नावाचं न्यूरल नेटवर्क लावलं. आता उलंगवाडी झाली, म्हणून लिहितो.

साधं ऑटोस्केलिंग, म्हणजे गरजेप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवणं, सीपीयूवरचा ताण चढल्यावरच हलतं. नवीन मशीन उभी राहून अॅप चालू होईपर्यंत काही मिनिटं जातात आणि तेवढ्यात ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर येते. रात्रभर गाडीवर झोपलेल्या कास्तकाराला ती मिनिटं फार जड जातात. अंदाज हवा तो एवढ्यासाठी.

होखरायटर आणि श्मिडहुबर यांनी 1997 मध्ये मांडलेलं हे नेटवर्क मागच्या आकड्यांचा क्रम लक्षात ठेवतं. आम्ही पाच-पाच मिनिटांचे आकडे देतो, ते पुढच्या अर्ध्या तासाचा भार सांगतं. गूगलने 2011 च्या मे महिन्यातली आपल्या क्लस्टरची, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरच्या समूहाची, नोंद खुली केली आहे, पण त्या 29 दिवसांवर शिकवून आपलं काम भागणार नाही. त्यात कापसाचा हंगाम कुठून दिसणार? शिकवायचं तर आपल्याच आकड्यांवर.

खरी परीक्षा लाईनची, म्हणजे विजेची. लाईन गेली की काट्यावरचे कॉम्प्युटर यूपीएसवर पावत्या साठवत राहतात, पण इंटरनेट बंद. सर्व्हरवर भार उतरतो आणि मॉडेल पुढेही कमीच सांगतं. लाईन आली की साठलेल्या सगळ्या पावत्या एकदम येऊन आदळतात. आलेखावर सरळ उभी रेघ. मग किती काटे या क्षणी जोडलेले आहेत, हाही आकडा आम्ही मॉडेलला दिला. बरेच काटे एकदम गायब झाले की मागे काम तुंबतंय, हे ते शिकलं. सगळ्यात जास्त फरक पडला तो यानेच, नेटवर्कचे थर वाढवून नाही.

दुसरं, सरासरी चूक बघू नका. जास्तीची मशीन थोडा वेळ रिकामी राहिली तर थोडं भाडं जातं, कमी पडली तर काटा थांबतो. म्हणून शिकवताना क्वांटाईल लॉस (कमी सांगण्याची चूक जास्त महाग धरणारं माप) घेऊन नव्वद टक्क्यांचा अंदाज वापरा, म्हणजे दहातल्या नऊ वेळा खरा भार ज्याच्या आत राहील तो आकडा.

साध्या दिवशी ‘गेल्या आठवड्यात याच वेळी किती होतं’ हा हिशेबही जवळपास तेवढाच बरोबर येतो. ज्यांचा भार रोज सारखा आहे त्यांनी एवढा खटाटोप करू नये.

जुना सीपीयूचा नियम मात्र काढू नका. भाव वाढल्याचा मेसेज रात्री व्हॉट्सअॅपवर फिरला की सकाळी गाड्यांवर गाड्या येतात. मॉडेलला त्याचा पत्ता नसतो; त्या दिवशी तोच नियम कामी येतो.