शेंगी, आईच्या 11 कोंबड्या आणि सहा सेशन

चार स्टार. पाचवा का कापला ते पुढे येईलच. शेंगी म्हणजे आमची कुत्री, आणि हे तिला कोंबड्यांत राहायला शिकवणाऱ्या सरांबद्दल. सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागातले डॉग ट्रेनर आहेत, घरी येऊन शिकवतात, आमच्याकडून एका सेशनचे 700 घेतले आणि सहाचे पैसे आधी. नाव-नंबर टाकत नाही कारण त्यांनीच सांगितलंय टाकू नका, आधीच्याच लोकांचे फोन उचलणं होईना (हे पाचव्या स्टारचं अर्धं कारण).

आधी आमची भानगड सांगतो. सोरेगावच्या पुढे घर, मागं परस, त्यात आईच्या 11 कोंबड्या आणि एक कोंबडा. बहुतेक गावरान, तीन गिरिराज (सुधारित जातीच्या). खुराडं फक्त रात्रीला, दिवसभर मोकळ्या फिरतात, उकरत बसतात. मुंगसाचा त्रास लई. गेल्या पावसाळ्यात एका कोंबडीची नऊ पिल्लं चार दिवसांत गायब झाली, तेव्हापासून आईचं सुरू की दारात कुत्रं पाहिजे. पण मुंगसापेक्षा मला कुत्र्याचीच भीती जास्त, कारण हा आमचा दुसरा प्रयत्न होता.

पहिला प्रयत्न म्हणजे दीड वर्षाचा लॅब, मित्राकडनं घेतलेला. त्याला महिनाभर एका ठिकाणी ठेवून ट्रेन करून आणला, कुठं ते सांगत नाही. परत आला तेव्हा बस म्हणलं की बसायचा, शेकहँड द्यायचा, आम्ही एकदम खूश, शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आई आत भाकऱ्या थापत होती, बाहेर येऊन बघते तर चार कोंबड्या आडव्या आणि पाचवी तोंडात धरून हा पठ्ठ्या शेपटी हलवत आईपाशी घेऊन येतोय. खाल्ली एकपण नाही. नंतर कळलं की तिकडं गळ्यात करंटचा पट्टा लावून शिकवलेलं, आणि महिनाभरात त्यानं कोंबडी एकदापण बघितली नव्हती. आता तो मित्राच्या भावाच्या फ्लॅटवर आहे, मजेत आहे.

हे सगळं मी ह्या सरांना फोनवर सांगितलं तर म्हणले, त्याची काय चूक ओ, लॅबची जातच शिकाऱ्यानं पाडलेलं पाखरू उचलून मालकाला आणून द्यायला तयार केलेली, त्यानं त्याचं काम केलं. मग मला प्रश्न विचारले, आणि कुत्र्याबद्दल एकपण नाही. परसाला जाळी कोणती, दिवसभर घरात कोण असतं, आईचे गुडघे कसे आहेत, पोरगं किती वर्षांचं, फाटक कोण उघडं टाकतं. फाटक मीच उघडं टाकतो हे तेव्हा सांगितलं नाही, पुढे आपोआप कळलं.

मला खरं तर कारवानी (आपल्याकडचं शिकारी जातीचं कुत्रं, मुधोळ पण म्हणतात) पाहिजे होतं. मंद्रूपचा मित्र फुकटात पिल्लू देणार होता, आणि आपल्या भागात कारवानी-मुधोळ म्हणजे अभिमानाची गोष्ट, 2005 ला पोस्टाच्या तिकिटावर मुधोळचा फोटो आला होता. सर सरळ नको म्हणले. म्हणले हे नजरेनं शिकार धरणारं कुत्रं, समोर काही पळालं की ते विचार करायच्या आत निघालेलं असतं, आणि फडफडणारी कोंबडी म्हणजे तर त्याला आमंत्रणच. लहानपणापासून कोंबड्यांत वाढलेली कारवानी नीट राहिलेली पण मी बघितलीत, पण तुमच्या घरी दिवसभर एकट्या मावशी असतात, त्यांना ते आवरणार नाही. ह्या माणसाला कारवानी घ्या म्हणायला काय जात होतं, सहाच्या जागी पंधरा सेशन मिळाले असते. माझा विश्वास बसला तो इथं.

मग म्हणले धनगराच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, बघा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डिसेंबरात माझ्या मावसभावाच्या रानात मेंढरं बसवलेली, त्यांच्या वाड्यावर कुत्रीला पिल्लं झालेली. धनगराचा संसार घोड्यावर असतो, भांडीकुंडी, करडं, कोंबड्या सगळं सोबत हिंडतं, त्यामुळं तिथलं पिल्लू डोळे उघडल्यापासून कोंबड्या बघतच वाढतं. सर स्वतः आले बघायला आणि ही चक्कर सेशनमध्ये धरली नाही. गेल्यावर पिल्लांकडं ढुंकूनपण बघितलं नाही, अर्धा तास नुसतं पिल्लांच्या आईकडं बघत बसले. तिच्या ताटलीतल्या भाकरीच्या तुकड्यावर एक कोंबडी चोच मारत होती आणि कुत्रीनं फक्त तोंड दुसरीकडं वळवलं. सर म्हणले, झालं, निम्मं काम झालं.

मग पिल्लं. दोरीला फडकं बांधून जमिनीवरनं ओढलं. दोन पिल्लं झडप घालून फडकं झिंजाडायला लागली, एक घाबरून पळालं, एक झोपेतून उठलंच नाही, आणि एक तांबूस पिल्ली मागे पळाली पण सरांनी टाळी वाजवल्यावर फडकं सोडून त्यांच्याकडं आली. तीच घेतली. सर मात्र म्हणले की अशा परीक्षेवर फार जाऊ नका, पिल्लू मोठेपणी बदलतं, आई बघितली ते महत्त्वाचं. ती तेव्हा सहा-सात आठवड्यांची असेल, मला लगेच घरी न्यायची होती पण दिली नाही नेऊ. आठ आठवड्यांच्या आत आईपासनं तोडायचं नाही, विकायला तर कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांनीच बंदी आहे. धनगरानं पैसे घेतले नाहीत, आईनं पायलीभर ज्वारी दिली. रंग शेंगाचटणीसारखा म्हणून नाव शेंगी.

पहिल्या सेशनला मला वाटलं कुत्र्याला शिकवतील. सगळा वेळ आमच्यावरच गेला. आधी जाळी. आमची ती षटकोनी कोंबडीजाळी होती, सरांनी अंगठ्यानं दाबून वाकवून दाखवली, म्हणले ही कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. वेल्डमेश (वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी) बसवली आणि खाली वीतभर पुरली. मग शब्द. आई म्हणायची "ए नको गं", पोरगं म्हणायचं "नो नो", मी "सोड", आणि शेंगी तिघांकडं बघून कान हलवायची. सरांनी कागदावर दोनच शब्द लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवले, "सोड" आणि "इकडं". अजून आहे तो कागद, फोडणीचे डाग पडलेत त्यावर.

खरं काम असं. जाळीच्या आत कोंबड्या, बाहेर 25 फुटांवर मी आणि शेंगी, हातात 15 फुटी सुताची दोरी (नायलॉनची घेऊ नका, हात सोलतो). ती कोंबडीकडं बघणार, बघू द्यायचं, ओरडायचं नाही. वळून माझ्याकडं बघितलं की लगेच खाऊ. सरांच्या भाषेत, बघू दे की तिला, बघून सोडली की पगार द्यायचा. एवढंच, रोज दहा मिनिटं सकाळी आणि दहा संध्याकाळी, आणि दर तीन-चार दिवसांनी दोन-तीन पावलं पुढे. ऐकायला सोपं वाटतं पण दुसऱ्या आठवड्यात मी कंटाळून गेलो होतो. कधी मागे जायचं हे त्यांनी फार छान समजावलं, तोंड उघडं आणि अंग सैल असेल तर चालू द्या, तोंड गपकन मिटलं, अंग ताठ झालं, एक पंजा वर उचलला की समजा आपण जास्त जवळ आलोय, पाच पावलं मागे. ही एक गोष्ट कळली ना तरी पैसे वसूल.

खाऊ म्हणून सर उकडलेलं चिकन आणा म्हणले. आई भडकली. कोंबडी राखायला ठेवलेल्या कुत्र्याला कोंबडीच चारायची का म्हणे. सर म्हणले मावशी तिला त्याचा संबंध लागत नाही, तिला फक्त चव कळते. आई काय ऐकणार, शेवटी पनीरवर तडजोड झाली. अंड्याची टरफलं परसात टाकायची आईची सवय मात्र बंद झाली, कुत्र्याला एकदा चव लागली की ते घरट्यातनं अंडी उचलायला शिकतं.

आता चूक माझी. जानेवारीत, चार सेशन झाल्यावर, मी गाडी काढली आणि आतलं फाटक उघडंच राहिलं. शेंगीच्या समोरनं एक तलंग (तरणी कोंबडी) फडफडत पळाली आणि ही मागे. तलंग वाचली, शेपटीची पिसं गेली, दोन आठवडे अंडं नाही. शेजारच्या काकांचा सल्ला असा की मेलेली कोंबडी गळ्यात बांधा आठवडाभर, परत नाव घेणार नाही. सरांना फोन लावला (चौथ्यांदा उचलला), तर म्हणले अजिबात नको, ती सडत राहील आणि कुत्रं त्या वासाला सरावेल, बाकी काही होणार नाही. मारायचं पण नाही, मारल्यावर ती एवढंच शिकेल की मालक आला की मार बसतो, तुम्ही नसताना काय करायचं ते तिचं ती ठरवेल. आणि पळणारी कोंबडी धरायची मजा एकदा चाखली की ते खाऊपेक्षा मोठं बक्षीस, म्हणून एकपण चान्स मिळाला नाही पाहिजे. परत 25 फुटांवर. फाटकाला स्प्रिंग बसवली, स्वतःहून बंद होतं.

आता पाचवा स्टार. फोनचं सांगितलं. वेळ पाळत नाहीत, साडेसहाचं सेशन सव्वासातला, आणि गड्ड्याच्या यात्रेत अख्खा आठवडा न सांगता गायब, नंतर रात्री अकराला सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज. त्यांच्याकडच्या खाद्याची पिशवी घ्या म्हणून दोनदा मागे लागले, नको म्हणल्यावर सोडलं. आणि आजारपणाचं काही विचारू नका, शेंगी कोंबड्यांची शीट खायची तेव्हा सरळ म्हणले जनावरांच्या डॉक्टरकडं जा, जंताचं औषध द्या, हे माझं काम नाही. हे खरं तर मला चांगलंच वाटलं.

एक गोष्ट मात्र आवर्जून. आता एप्रिलचं ऊन, 42-43 पर्यंत पारा, दुपारी कोंबड्यापण चोच उघडून धापा टाकतात. कुणीतरी मला सांगितलं की कोंबड्यांत सोडताना कापडी मुसकं बांध. सरांनी हातातनं काढून घेतलं. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते थंड होतं, तोंड बांधलं तर ह्या उन्हात जिवावर बेतेल. लागलंच तर जाळीचं, ज्यात तोंड उघडतं. शेवटची दोन सेशन त्यांनी पहाटे सहाला ठेवली (त्या वेळेला मात्र वेळेवर आले).

सध्या शेंगी सहा-साडेसहा महिन्यांची. खुराड्याच्या बाहेर जाळीला टेकून झोपते, गेल्या महिन्यात दोनदा मुंगूस हाकललं, दुसऱ्यांदा मी स्वतः बघितलं. आई परसात बसलेली असेल तर मोकळी असते, कोंबड्या तिच्या पाण्याच्या भांड्यातनं पितात आणि ही धनगराच्या कुत्रीसारखंच तोंड वळवते. पण आई आत गेली की शेंगी जाळीच्या बाहेर, ह्यात सवलत नाही. सरांनी शेवटच्या दिवशी बजावलंय की आता वयात येतेय, पुढचे सहा-आठ महिने शिकलेलं विसरल्यासारखं करेल, दीड-दोन वर्षांची होईपर्यंत एकटीवर सोडू नका, आणि त्यानंतरपण शंभर टक्के गॅरंटी मी देत नाही, जाळी काढू नका.

आईची एक कोंबडी खुडूक बसलीय, खाली 11 अंडी, आज बारावा दिवस. 21 व्या दिवशी पिल्लं निघतील. सरांना विचारलं तर म्हणले मोठ्या कोंबडीची सवय झाली म्हणून चिवचिवणाऱ्या पिल्लांची झाली असं समजू नका, पहिल्यापासून करावं लागेल. म्हणून सातवं सेशन बुक केलंय, पैसे परत आधीच दिलेत. येत्या रविवारी सकाळी सहा म्हणलेत, म्हणजे बघू.