ड्वार्फ हॅमस्टरसाठी काचेची टँक: पावसाळा, थंडी, उन्हाळा सगळं काढल्यानंतरचा अनुभव

आधी मापं सांगते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. साडेतीन फूट लांब, 20 इंच रुंद, दीड फूट उंच अशी काचेची टँक, काच 5 एमएम, वरून पूर्ण उघडणारं जाळीचं झाकण. अ‍ॅक्वेरियमवाल्याकडून ऑर्डर देऊन बनवून घेतली. पाणी भरायचं नाहीये हे त्याला आधीच सांगून ठेवलं, म्हणजे वरच्या कडेला आतून काचेच्या ज्या पट्ट्या चिकटवतात त्या त्याने लावल्या नाहीत, नाहीतर झाकण आणि हात दोन्ही तिथेच अडकतात.

राहणारा एकच. रशियन ड्वार्फ म्हणून विकतात तो बुटका हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी), नाव तिळ्या. भाची शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा तो आमच्याकडे पुण्याला आला, आणि आला तो दुकानात सगळीकडे मिळतो तसल्या गुलाबी-निळ्या तारेच्या पिंजऱ्यात. फूटभर लांब, दोन मजले, एक ट्यूब, पळायला हाताच्या तळव्याएवढं व्हील. दिसायला गोड. पण रात्री अकरा वाजले की हा दोन पायांवर उभा राहून तार दातात धरायचा आणि सरकत सरकत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चावत जायचा, पहाटेपर्यंत, नाकाच्या वरचे केस गेले होते बिचाऱ्याचे. लोक म्हणतात दात घासतोय, सवय असते त्यांना. नाही हो, त्याला बाहेर पडायचं असतं.

8-10 सेंटीमीटरचा जीव, त्याला कितीशी जागा लागणार असं आपल्याला वाटतं. पण हे प्राणी मूळचे मंगोलिया, कझाकस्तान, सायबेरियाकडच्या कोरड्या गवताळ माळांवरचे, रात्रभर दाणे शोधत हिंडायचं आणि जमिनीखाली बिळात साठवायचं हेच त्यांचं आयुष्य, पिंजऱ्यात जन्मलेला असला तरी ते त्याच्या अंगातून जात नाही. जर्मनीत प्राण्यांच्या भल्यासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांची संघटना आहे, ते हॅमस्टरला कमीत कमी 100 बाय 50 सेंटीमीटर तळ सांगतात आणि उंची 50. माझ्या टँकच्या तळाचं माप मी त्यावरूनच काढलं. आणि हा तळ सलग हवा, दोन मजले मिळून नव्हे. ह्यांना लांबचं आणि खोलीचं नीट दिसत नाही, कडेवरून बिनधास्त पाय टाकतात, त्यामुळे उंच मजल्यांचा पिंजरा म्हणजे पडायची सोय.

तारेचाच घ्यायचा असेल तर निदान दोन तारांमधली फट बघा. 1 सेंटीमीटरची फट सीरियन हॅमस्टरला (ही मोठी जात) चालून जाते, ड्वार्फ पिल्लू त्यातून सहज बाहेर. ड्वार्फला 6-7 मिलिमीटरच्या वर नकोच, आणि रोबोरोव्हस्की असेल (ड्वार्फमधली सगळ्यात लहान जात, पूर्ण वाढलेला जेमतेम 5 सेंटीमीटर असतो) तर मी तारेच्या वाटेला जाऊच नका म्हणेन. डोकं गेलं की अख्खा हॅमस्टर गेला, अंग हाडं नसल्यासारखं दबतं त्यांचं.

माझ्या झाकणाला पाव इंची वेल्डेड जाळी आहे, हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते. अर्धा इंची देतील, घेऊ नका. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम करून त्यात ती बसवून घेतली. सुताराने लाकडाची फ्रेम सुचवली होती पण आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि झाकण बसत नाही, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच बरं. सोसायटीतलं मांजर त्या झाकणावर चढून बसलं होतं एकदा, जाळी जराही दबली नाही.

आता बेडिंग, म्हणजे तळाला भरायचा मऊ थर, आणि टँक घ्यायचं खरं कारण हेच आहे. तारेच्या पिंजऱ्याचा खालचा ट्रे दोन-अडीच इंचांचा, त्यात बीळ होणार कसं? इथे मी एका बाजूला 25 सेंटीमीटर आणि दुसरीकडे उतरत 10 असं भरलंय, कागदी बेडिंग आणि अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा मिसळून, मध्ये मध्ये वाळलेलं गवत घालून दाबत दाबत, कारण नुसतं मोकळं भरलं तर बीळ ढासळतं. शंभर लिटरच्या आसपास लागतं, पहिल्यांदा खिशाला चटका बसतो हे खरंय. सुताराकडचा फुकटचा भुसा आणू नका, त्यात प्लायवूडचा गोंद आणि बारीक धूळ असते. कापसासारखं फुललेलं मऊ बेडिंगही नको, त्याचे धागे पायाला गुंडाळले जातात आणि पोटात गेले तर अडकतात. घरट्यासाठी साधा बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून टाकते, तो रात्रीत गालात कोंबून खाली नेतो.

बिळाचा एक बोगदा नेमका काचेला लागून गेलाय. तिथून दिसतं सगळं. पुढचे दोन पाय इतके भराभर चालतात की डोळ्याला कळत नाही, पोटाखाली माती जमावी तसा भुसा जमतो, मग मागचे पाय एक झटका देऊन तो मागे उडवतात, आणि हा वळून छातीने ढकलत बाहेर नेतो. शेवटी एक खोली केलीये, तिथे सूर्यफुलाच्या बिया वेगळ्या आणि बाजरी-राळा वेगळा. इथे आल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्याचं चावणं थांबलं, नाकावरचे केसही आले परत.

व्हील 8 इंची, म्हणजे 20 सेंटीमीटर, सलग पृष्ठभागाचं. पळताना पाठ सरळ राहिली पाहिजे, वर वाकली तर व्हील लहान आहे. दांड्यांचं शिडीसारखं असतं ते अजिबात नको, पाय अडकून मोडतो. आणि व्हील बेडिंगवर ठेवलं की हा खालून पोखरतो आणि ते कलंडतं, म्हणून तळाच्या काचेपर्यंत पाय जातील असा लाकडी पाट करून त्यावर ठेवलंय. सिरॅमिकच्या पसरट भांड्यात सँड बाथ, म्हणजे अंग घुसळून साफ करायला वाळू, त्यात बाथ सँड म्हणजे वाळूच, चिंचिला नावाच्या प्राण्यासाठी मिळते ती पावडर नाही, ती छातीत जाते. ड्वार्फ बहुतेक वाळूतच शू करतात, तेवढी चाळून बदलली की वास येत नाही. पूर्ण टँक मी कधीच एकदम रिकामी करत नाही, स्वतःचा वास गेला की घाबरतात, थोडा थोडा भाग बदलते.

पावसाळ्यात तळाचा थर दमट होतो. काचेतून बाहेरून बघायचं, रंग गडद वाटला की तो कोपरा काढून कोरडा भरायचा, बुरशी धरू द्यायची नाही. पाण्याची बाटली गळते का हेही तेव्हाच कळतं. मुंग्यांसाठी स्टँडच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, आजीच्या जाळीच्या कपाटाला असायच्या तशा. थंडीत खोल बेडिंग असलं की वेगळं काही करावं लागत नाही, पण खोली फार गारठू देऊ नका, हे प्राणी गार पडून निपचित होतात आणि लोक मेला समजतात.

काचेची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. ऊन थेट पडलं तर आत भट्टी होते, त्यामुळे टँक घरातल्या सर्वात गार आतल्या भिंतीला. दुपारी गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जाळीवर एका टोकाला, आत एक सिरॅमिक टाइल, तिच्यावर तो पालथा पसरतो. खोली 30 च्या पुढे गेली की एवढं पुरत नाही, कूलर किंवा एसी लागतोच. उन्हाळ्यात दिवसभर घर बंद असणार असेल तर हॅमस्टरच आणू नका असं मी स्पष्ट सांगते.

तोटे? वजन. रिकामीच 25 किलोच्या आसपास आहे, भरल्यावर हलवायचा विषयच नाही, भाड्याच्या घरात दर वर्षी बदलाबदल करणाऱ्यांनी विचार करावा. त्यांच्यासाठी मोठा प्लॅस्टिकचा स्टोरेज बॉक्स, झाकण आणि एक बाजू कापून जाळी लावून, हे स्वस्त आणि हलकं पडतं, फक्त सगळ्यात मोठा शोधा आणि तळाचं माप टेप लावून घ्या, लिटरवर जाऊ नका कारण उंच डबे लिटरमध्ये मोठे दिसतात. दुसरं म्हणजे टँकमध्ये हात वरूनच जातो, आणि वरून येणारा हात म्हणजे त्यांच्या लेखी घार. तिळ्याला तळहातावर बी ठेवून, हात बेडिंगवर सपाट टेकवून, मीच कितीतरी वेळ न हलता थांबायचं असं करत करत सवय लागली. नवीन करून घेणाऱ्यांनी समोरच्या काचेत, बेडिंग कमी असलेल्या बाजूला त्याच्या वर, छोटा सरकता दरवाजा करायला सांगा, अ‍ॅक्वेरियमवाले करून देतात.