फ्रान्सची मराठीतून तोंडओळख: राजारामपुरीतील एक अभ्यासवर्ग

फ्रेंच भाषा शिकवणारे वर्ग कोल्हापुरात आता शोधत हिंडावे लागत नाही. भाषा न शिकताही तो देश समजून घ्यावा, असे वाटणाऱ्यांची सोय मात्र क्वचितच होते. राजारामपुरीतील एका खासगी संस्थेने फ्रान्सचा भूगोल, तेथील वास्तू आणि इतिहास यांची मराठीतून प्राथमिक ओळख करून देणारा सायंकाळचा वर्ग सुरू केला आहे. तो मी नुकताच पूर्ण केला. शुल्क अडीच हजार रुपये असून त्यात छापील टिपणे मिळतात. भूगोल उत्तम, वास्तू बऱ्या आणि इतिहास उरकलेला, असे माझे मत झाले. तरीही भूगोलाच्या तासांसाठी हे शुल्क जास्त वाटत नाही.

पहिल्याच तासाला पडद्यावर आयफेल टॉवर झळकेल, अशी बहुतेकांची अटकळ होती. त्याऐवजी शिक्षिकेने गावांची नावे नसलेला मोठा कापडी नकाशा मेजावर पसरला आणि निळ्या लोकरीचे धागे टाचण्यांनी अडकवत एकेक नदी उभी केली. ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी आग्नेयेकडील डोंगराळ भागात उगम पावते. तेथून भूमध्य समुद्र त्या मानाने जवळ असूनही ती उत्तरेकडे निघते, ऑर्लेआँपाशी पश्चिमेला वळते आणि सुमारे १,००० किलोमीटरचा प्रवास करून अटलांटिक महासागराला मिळते. धागा वळणावर येताच पुढच्या बाकावरचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “म्हणजे आपल्या कृष्णामाईसारखंच की हो मॅडम!” महाबळेश्वरला उगम पावून, हाकेच्या अंतरावरचा अरबी समुद्र सोडून बंगालच्या उपसागराकडे जाणारी कृष्णा ज्यांच्या ओळखीची आहे, त्यांना ल्वार पुन्हा पाठ करावी लागली नाही.

नद्या एकदा बसल्यावर शहरे आपोआप जागेवर येतात, हे या पद्धतीचे खरे बळ आहे. सेनच्या काठी पॅरिस आणि रुआँ, गारोनवर बोर्दो, स्वित्झर्लंडमधून येणाऱ्या रोनवर लियाँ, अशी मांडणी डोळ्यांसमोर राहते. दक्षिणेला पिरिनीज आणि आग्नेयेला आल्प्स या पर्वतरांगा देशाची राखण करतात, पण बेल्जियमच्या बाजूचा ईशान्य भाग बराचसा सपाट आहे. १९१४ आणि १९४० या दोन्ही वेळी जर्मन सैन्य त्याच अंगाने का घुसले, याचे निम्मे उत्तर नकाशावरच मिळते. फ्रान्सची सर्वांत लांब भूसीमा कोणत्या देशाशी आहे, या प्रश्नावर तर सारा वर्ग चुकला. उत्तर ब्राझील असे आहे, कारण दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना हा फ्रान्सचाच भाग आहे.

वास्तूंच्या तासांत पॅरिसने फार जागा अडवली. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या आयफेल टॉवरला केवळ २० वर्षांची मुदत होती आणि बिनतारी संदेशांसाठी तो उपयोगी ठरल्यामुळे वाचला, ही हकिगत रंगली, हे मान्य. परंतु लास्को येथील गुहाचित्रे आणि भरतीच्या पाण्याने वेढला जाणारा माँ-सँ-मिशेल हा मठ असलेला खडक यांची पडद्यावर एकेका चित्रात बोळवण व्हायला नको होती. अपवाद एकच, पाँ द्यु गार. नीम शहराला पाणी पुरवणाऱ्या रोमन कालव्याचा हा तीन मजली कमानींचा पूल जवळजवळ ४९ मीटर उंच आहे आणि सुमारे ५० किलोमीटरच्या संपूर्ण कालव्याला उतार आहे जेमतेम १२ ते १३ मीटरचा. हे आकडे फळ्यावर लिहिले गेले तेव्हा स्थापत्य अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी तास संपल्यावरही हिशेब करत बसले होते.

टिपणांबद्दल मात्र तक्रार आहे. त्यांत फ्रान्सचे २२ प्रदेश दिले आहेत. १ जानेवारी २०१६ पासून युरोपातील फ्रान्समध्ये, कॉर्सिका धरून, १३ प्रदेश आहेत आणि अल्सास, लोरेन व शँपेन-आर्देन हे तिन्ही ‘ग्राँ एस्त’मध्ये विलीन झाले आहेत. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या २०१९ मधील आगीचा उल्लेख आहे, पण डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा खुले झाल्याचा नाही. नवख्या विद्यार्थ्याला छापील पानावर विसंबावे लागते, म्हणून ही हयगय खटकते.

इतिहासात १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसचा बास्तीय हा किल्लेवजा तुरुंग पडल्यापासून १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईपर्यंतचा भाग नीट झाला. त्यानंतर थेट १९५८ चे पाचवे प्रजासत्ताक आणि त्याचे संस्थापक द गॉल! मधले १८७० साल गाळणे मला अक्षम्य वाटते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सेदाँ येथे फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन प्रशिया या जर्मन राज्याच्या हाती सापडला, दोनच दिवसांत तिसरे प्रजासत्ताक घोषित झाले आणि पुढच्या वर्षी अल्सास व लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला, जो पहिल्या महायुद्धानंतर परत आला. कोल्हापूरकरांना तर हे साल वेगळ्या कारणाने ठाऊक असायला हवे. आपले छत्रपती राजाराम महाराज त्याच वर्षी युरोपच्या प्रवासात होते आणि ३० नोव्हेंबरला इटलीतील फ्लोरेन्स येथे त्यांचे निधन झाले. एवढा धागा समोर असताना तो न उचलणे ही संधी दवडणे झाले. १९५४ पर्यंत फ्रेंचांकडे असलेल्या पाँडिचेरीचाही निव्वळ नामोल्लेख होतो.

फ्रेंच भाषेच्या परीक्षेला बसणाऱ्यांना हा वर्ग पुरणार नाही, कारण येथे भाषा शिकवली जात नाही. सहलीला निघालेल्यांना, नववी-दहावीच्या मुलांना आणि केवळ कुतूहल असणाऱ्यांना तो जरूर सुचवेन. खोली लहान आहे, शेवटच्या रांगेतून नकाशा दिसत नाही, तेव्हा वेळेआधी पोहोचावे. पुढच्या तुकडीसाठी टिपणे नव्याने छापू, असे संस्थेने तोंडी सांगितले आहे. शुल्क भरण्यापूर्वी ती मागून घेऊन प्रदेशांचे पान तेवढे तपासावे.